खुर्च्या ऐकणारे काका

पेनसिल्व्हेनियातल्या ज्या थिएटरमध्ये मी चार उन्हाळे बिनपगारी काम केलं, तिथून गेल्या महिन्यात मेल आली. ते आपल्या जुन्या सीझनचा इतिहास गोळा करताहेत. प्रत्येक सीझनला एक पान. नाटकं किती, प्रयोग किती, दिग्दर्शन कुणाचं, नेपथ्य कुणाचं, दिवे कुणी सांभाळले. माझ्या चौथ्या वर्षाचं पान अर्धं कोरं होतं, आणि त्या वर्षीचे रोजचे रिपोर्ट माझ्याकडे आहेत हे कुणाच्या तरी लक्षात होतं. खरंच आहेत. आम्ही ॲरिझोनात चँडलरला आलो तेव्हा नवऱ्याने टाकायला काढलेल्या खोक्यातून मी ते परत उचलून घेतले होते. एका रविवारी बसून पान भरलं. पाच नाटकं, साठ प्रयोग, रद्द एकही नाही. सगळं दोनदा ताडून पाहिलं आणि पाठवून दिलं.

त्या पानावर प्रॉम्प्टरला रकाना नव्हता. म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

समर स्टॉक हा प्रकार आपल्याकडे नाही, तेव्हा आधी तो सांगते. उन्हाळ्याच्या दहा आठवड्यांसाठी एक कंपनी जमते. नट लांबलांबून येतात. एक नाटक दोन आठवडे चालतं. मंगळवार ते शनिवार संध्याकाळी साडेसातला आणि रविवारी दुपारी दोनला प्रयोग. दिवसा पुढच्या नाटकाची तालीम. दुसऱ्या रविवारचा प्रयोग संपला की नेपथ्य उखडायचं, सोमवारी नवं उभं करायचं, मंगळवारी नवं नाटक. आठवड्याला सहा, नाटकाला बारा, सीझनला साठ. संध्याकाळी एक नाटक तोंडात आणि दिवसा दुसरं डोक्यात, त्यामुळे नट विसरतात. चांगले नटही विसरतात. एकदा खुनाच्या नाटकात इन्स्पेक्टरने मेलेल्याच्या बायकोला मागच्या आठवड्याच्या नाटकातली लग्नाची मागणी घातली. असल्या वेळी विंगेतून कुणीतरी शब्द द्यावा लागतो. बऱ्याच थिएटरांनी ही पद्धत केव्हाच बंद केली. आमच्या थिएटरमध्ये ती काकांमुळे टिकून होती.

काका साताऱ्याकडचे. दुग्धशास्त्रात डॉक्टरेट करायला म्हणून तरुणपणी आले. गोठ्यांत हवा कशी खेळती ठेवायची हा त्यांचा विषय होता. स्टेट कॉलेज या गावापासून अर्ध्या तासावर एक मोठा जुना गोठा आहे, असं कुणी सांगितलं म्हणून ते मोजपट्टी घेऊन बघायला गेले. आत गाई नव्हत्या. गोठ्याचं थिएटर केलेलं होतं. नाटकाची तालीम चालली होती आणि एक नट अडकला होता. "मी दारातच उभा होतो. त्याचं वाक्य मी दोनदा ऐकलेलं, तिसऱ्यांदा तो अडकला तेव्हा मीच सांगून टाकलं," असं ते म्हणत. डॉक्टरेट राहिली. हिवाळाभर पशुखाद्याच्या प्रयोगशाळेत नोकरी आणि उन्हाळ्याचे दहा आठवडे गोठ्यात, असं त्यांचं तीस वर्षं चाललं. लग्न केलं नाही. भारतात कुणी उरलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

माझी त्यांची ओळख अपमानाने झाली. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आम्ही एका चर्चच्या हॉलमध्ये एकांकिका केली होती. मी प्रॉम्प्टर होते. मी नवीन लग्न होऊन आलेली, डिपेंडंट व्हिसावर, नागपूरला बँकेतली नोकरी सोडून. करायला काही नव्हतं म्हणून ते काम जीव ओतून केलं. प्रयोगानंतर एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ समोर येऊन उभे राहिले.

"तुमचं काम छान झालं, ताई."

"मी नव्हते हो नाटकात. मी प्रॉम्प्टिंगला होते."

"तेच म्हणतो. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं."

मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "कुठल्या?"

"नागपूरच्या."

"मग बरोबर आहे. आवाज खाली येणार नाही. घड्याळ बघता येतं का?"

"बँकेत होते मी."

"बँकेतल्यांना पाचच वाजलेले दिसतात. सेकंद मोजता येतात का, ते सांगा."

येतात म्हटलं. पुढच्या जूनमध्ये त्यांनी मला एक स्टॉपवॉच दिलं आणि विंगेत स्वतःच्या मागे एका खोक्यावर बसवलं. माझ्या व्हिसावर पगार घेता येत नव्हता. फुकट काम करायला मात्र सरकारची हरकत नव्हती. नवरा तेव्हा पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात होता. तो विचारायचा, "तू तिथे नक्की करतेस काय?" मी म्हणायचे, "सेकंद मोजते." तो म्हणायचा, "डिग्री माझी आणि मोजमाप तुझं. बरं आहे."

काका धार काढायच्या तीन पायांच्या स्टुलावर बसत. ते स्टूल त्यांना गोठ्याच्या माळ्यावर सापडलं होतं. डावा कान प्रेक्षकांकडे, उजवा रंगमंचाकडे, डोळे मांडीवरच्या पुस्तकात. डोळे वर उचलायचे नाहीत. एकोणतीस वर्षांत त्यांनी तिथली जवळजवळ दीडशे नाटकं ऐकली, पाहिलं एकही नाही. नट गोरा की काळा, हे त्यांना जेवणाच्या सुट्टीत कळायचं. रंगमंचावर कुणी चप्पल-बूट घालून चाललेलं त्यांना खपत नसे. नटांचं चालायचं, कारण ते बूट पात्राचे. सुतारांनी मात्र बूट काढावेत, असा त्यांचा आग्रह. थिएटर चालवणारी बाई, जिला सगळे बॉस म्हणत, तिने सांगितलं की खिळे पडलेल्या जागी मोज्यांवर कुणाला चालू दिलं तर विमा रद्द होईल. मग काकांनी पायरीपाशी पायपुसणं टाकलं आणि सुतारांनी त्यावर दोन्ही पाय पुसायचे, असा तह झाला. नवे सुतार हसत. आठवड्याभरात तेही पाय पुसायला लागत.

त्यांचं इंग्रजी व्याकरणाला धरून होतं, पण त्याच्या आत मराठी बसलेलं असे. मी प्रत्येक अंकाची वेळ लिहून द्यायचे. अंक लांबला की प्रयोगानंतर ते नटांच्या खोलीच्या दारात उभे राहून विचारत, "हू एट टू मिनिट्स?" दोन मिनिटं कुणी खाल्ली? पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटे की सँडविचबद्दल चाललंय. हळूहळू कंपनीत ती बोलीच झाली. एखादा नट विंगेत येऊन आपणच कबूल करायचा, "काका, आय एट फोर्टी सेकंड्स." काका म्हणायचे, "पचव आता." हे मराठीत. त्याला ते आशीर्वादासारखं वाटायचं.

जुलैत गोठ्याचा पत्रा तापायचा. काका घरून ताक घुसळून आणत, मीठ-जिरं लावलेलं, दुधाच्या मोठ्या बरणीत. न्यूयॉर्कहून आलेली माणसं पहिल्या दिवशी वास घेऊन बरणी खाली ठेवत आणि चौथ्या दिवशी तिच्यावरून भांडत.

आता त्यांच्या कामाबद्दल. मी समजत होते की प्रॉम्प्टिंग म्हणजे नट अडकला की शब्द द्यायचा. काका म्हणाले, अडकला हे कशावरून कळलं? नट गप्प झाला म्हणजे तो विसरला, असं नाही. तो मुद्दाम थांबला असेल. मुद्दाम थांबलेल्या नटाला शब्द दिला तर त्याच्या तोंडात जाणारा घास आपण काढून घेतला. विसरलेल्याला दिला नाही तर तो बुडाला. फरक ओळखायला वेळ एक-दीड सेकंद.

त्यासाठी त्यांच्याकडे दोन साधनं होती. एक माझं घड्याळ. तालमीत नट जिथे जिथे मुद्दाम थांबे, तिथे मी सेकंद मोजायचे आणि ते पुस्तकात समासात लिहीत: थांबा ३, थांबा ५. सगळं देवनागरीत. दुसरं साधन त्यांचं एकट्याचं होतं. गोठ्यात एकशे ऐंशी लाकडी घडीच्या खुर्च्या होत्या, आणि प्रत्येक कुरकुरायची.

"ताई, खुर्च्या ऐका," ते म्हणायचे. "बाई मुद्दाम थांबली असेल तर एक खुर्ची हलत नाही. विसरली असेल तर तिच्या आधी लोकांना कळतं. त्यांना काय कळलंय ते त्यांना माहीत नसतं. ते नुसते बूड हलवतात."

मी खूप प्रयत्न केला. मला सगळ्या खुर्च्या सारख्याच ऐकू यायच्या.

पहिल्या तीन सीझनमध्ये मी त्यांचा एकही चुकीचा प्रॉम्प्ट लिहिला नाही. प्रयोगानंतर मी बॉससाठी जो रिपोर्ट लिहायचे, त्यात तसा रकाना होता, तो काकांनीच घातलेला. रोज तिथे मी शून्य लिहायचे. चौथ्या सीझनच्या पहिल्या तालमीच्या दिवशी त्यांनी बॉसला आणि सगळ्या कंपनीला सांगितलं की हे तिसावं वर्ष, साठावा प्रयोग झाला की मी उठणार. बॉस म्हणाली, मोठा समारंभ करू. काका म्हणाले, "समारंभ नको. साठ प्रयोग करू द्या."

मागणं एवढंच होतं. ते मिळणारच, असं त्या दिवशी सगळ्यांना वाटलं.

तिसऱ्या नाटकाच्या वेळी एका गुरुवारी पहिल्या अंकात मोठा पाऊस आला. पत्र्यावर असा बडवत होता की विंगेत मला माझाच श्वास ऐकू येईना. नट ओरडून बोलत होते, एकमेकांची वाक्यं चुकत होते. मी पूर्ण गोंधळले. काका अजिबात गोंधळले नाहीत. त्या अंकात त्यांनी चार शब्द दिले, चारही नेमके. प्रयोगानंतर नटांनी त्यांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

मी घरी येऊन रिपोर्ट नीट लिहीत होते, तेव्हा पेन थांबलं. पावसाने सगळ्यांचे कान गेले. काकांचं काहीच कसं गेलं नाही? मग आठवलं की त्या वर्षी स्टूल फिरलेलं होतं. आता काका रंगमंचाकडे तोंड करून बसत आणि सारखे डोळे वर उचलत. ते ऐकत नव्हते. नटांची तोंडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या आधी ते पुस्तकावर वाकलेले असताना मी मागून नेहमीच्या आवाजात म्हटलं, "काका, ताकाची बरणी सांडली." नेहमीचा माझा आवाज म्हणजे काय, ते वर आलंच आहे. काका वाचत राहिले. थोड्या वेळाने त्यांनीच मान वळवली.

"काही म्हणालात?"

"नाही," मी म्हटलं.

हे त्यांच्यापर्यंत पोचलेलं माझं पहिलं खोटं. त्यांनी पुस्तक मिटलं.

"डावा हिवाळ्यात गेला. उजवा अर्धा आहे."

"कानाचं यंत्र मिळतं ना, काका?"

"आहे की. घरी कपाटात ठेवलंय. ते घातलं की खुर्ची आणि माणूस एकाच आवाजात बोलतात. पंखा सगळ्यांत मोठ्याने बोलतो." मग म्हणाले, "तोंडं दिसतात, ताई. पुस्तक पाठ आहे. तुमचे आकडे आहेत. साठ होतील."

"आणि बॉसला?"

"आतापर्यंत काही चुकलंय?"

"नाही."

"मग जे घडेल ते लिहा. जे घडलं नाही ते कशाला लिहायचं?"

यात मला खोट काढता येईना. मी रोज खरं तेच लिहीत राहिले. चुकीचे प्रॉम्प्ट: शून्य. पण आता घरी नवरा म्हणायचा की तू झोपेत आकडे बोलतेस.

शेवटचं नाटक एका शेतावरच्या घराचं होतं. विधवा आई, मुलं शहरात गेलेली, घर विकायला काढलेलं. आईचं काम रूथ करायची. साठीच्या पुढची, त्या कंपनीत काकांनंतर सगळ्यांत जुनी. काका तिला रूथबाई म्हणत, आणि तीही त्या हाकेला ओ देई. तिसऱ्या अंकात घर घेणारा माणूस तिला विचारतो, "यातलं काही ठेवून घ्यायचंय तुम्हाला?" ती घराकडे बघते आणि म्हणते, "नो." एवढंच. पुस्तकात समासात लिहिलेलं होतं: थांबा ४.

पाच प्रयोग रूथ बरोबर चार सेकंद थांबली. सहावा रविवारी दुपारचा होता. गोठ्याच्या फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या आत आल्या होत्या. काय झालं कुणास ठाऊक, त्या दिवशी ती थांबली ती थांबलीच. चार झाले. पाच. सहा. तिचा चेहरा जागच्या जागी होता, ओठ मिटलेले. एकशे ऐंशी खुर्च्यांतली एकही वाजली नाही. इतके दिवस काका सांगत होते ते मला त्या क्षणी पहिल्यांदा ऐकू आलं. सात. आठ. मी काकांच्या पाठीला हात लावायला उठले. माझं खोकं त्यांच्यापासून दोन पावलांवर होतं.

नवव्या सेकंदाला काकांनी शब्द दिला. "नो."

आपला आवाज किती मोठा आहे, हे ज्याला ऐकू येत नाही, त्याने दिलेला शब्द होता तो. पहिल्या चार रांगांनी ऐकला. कुणीतरी हसलं. मग खुर्च्या वाजल्या, सगळ्या एकदम. रूथने डोळे मिटले, उघडले, आणि स्वतःचा "नो" म्हणून टाकला. जगात कुठलाही नट विसरणार नाही असा तो एक शब्द.

खुर्च्या वाजलेल्या काकांना ऐकू आल्या नाहीत. त्यांनी रूथचा चेहरा पाहिला. मग माझ्याकडे वळून बोटांनी विचारलं, किती? मी नऊ बोटं दाखवली.

नेपथ्य उखडायचं नव्हतं, त्या नाटकाचे अजून सहा प्रयोग बाकी होते. मी खोक्यावर बसून रिपोर्ट लिहिला. तिसरा अंक, चुकीचा प्रॉम्प्ट: एक. काका शेजारी उभे राहून वाचत होते. लिहू नका म्हणाले नाहीत. पेन मागून घेऊन त्यांनी समासातला चार खोडला आणि वर नऊ लिहिला.

सोमवारी बॉसने मला बोलावलं. मला वाटलं ती रागावलेली असेल. नव्हती. रूथ सकाळीच येऊन सांगून गेली होती की तिची काही तक्रार नाही, इतक्या वर्षांत तिची कितीतरी वाक्यं काकांनी वाचवली, एक त्यांनी घेतलं तर घेतलं. बॉस म्हणाली, "एक चूक कुणाचीही होते. मी हे फाइल करून टाकते. फक्त एक विचारते. त्यांना ऐकू येतं ना?"

तिला काय उत्तर हवंय हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं.

"नाही," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"आणि तुला कधीपासून माहीत आहे?"

"तिसऱ्या नाटकापासून."

तिने रविवारचा रिपोर्ट फाइलमध्ये लावला. मग म्हणाली, रूथने त्या जागी असं लांब थांबावं, हेच मला पहिल्या प्रयोगापासून हवं होतं. आता ती पुन्हा थांबायला धजावणार नाही, जोपर्यंत विंगेत ते आहेत. हे खरं होतं. मला तेही नाकारता येईना. दुसऱ्या कुणाला बसवावं, तर पुस्तकातल्या खुणा देवनागरीत. त्या वाचू शकणारी कंपनीत मी एकटीच. "सहा प्रयोग तू बस," ती म्हणाली. "त्यांना मी सांगते."

त्या रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू खोटं बोलायला हवं होतंस असं मी म्हणणार नाही." आणि मग पुढे काहीच म्हणाला नाही. तो असं थांबला की मला कळतं.

मंगळवारी चार वाजता मी गेले तेव्हा काका स्टुलाचे पाय पुसत होते. त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. कुठल्या पानावर कोण घाई करतं, कुणाचा घसा दुसऱ्या अंकात बसतो, ते सगळं सांगितलं. माझ्या उच्चारांचीही काळजी होती त्यांना. "पूर्ण शब्द देऊ नका. पहिलं अक्षर द्या. पहिल्या अक्षराला नागपूर नसतं." मी पेन्सिलने सगळं टिपून घेतलं. सांगून संपलं तेव्हा मी त्यांच्या समोर गेले, म्हणजे माझे ओठ त्यांना दिसतील.

"काका, बॉसला मी सांगितलं."

"कळलं मला."

"तिने सरळ विचारलं. मला—"

"सहाच राहिले होते, ताई."

आवाज चढलेला नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं. मी आजही कधी डिशवॉशर भरताना, कधी ऑफिसात कुणाच्या आकड्यांतली चूक दाखवताना हे ऐकते. बरोबर केलं का, असं कुणी विचारलं तर हो म्हणेन. रूथ त्या आठवड्यात पुन्हा थांबली. मंगळवारी सात, शेवटच्या दिवशी अकरा. खुर्च्या हलल्या नाहीत. हे माझ्या रिपोर्टांत आहे. काकांनी चोपन्न केले आणि मी सहा, हेही आहे. ते सहा त्यांना मिळाले असते तर कुणाचं काय गेलं असतं, याचं उत्तर मात्र मी लिहून ठेवलेलं नाही, कारण मला ते येत नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी काका गेले. आम्ही तोवर ॲरिझोनाला आलो होतो. मंडळातल्या कुणीतरी कळवलं. खोलीत पशुखाद्यावरची पुस्तकं, लोणी काढायची रवी आणि कपाटात डबीत ठेवलेलं ते कानाचं यंत्र मिळालं, एवढंच समजलं. थिएटरला त्यांचा फोटो हवा होता, तो माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही. ते कधी समोर आलेच नाहीत.

त्या मंगळवारचं एक सांगायचं राहिलं. सात वाजता नट कपडे बदलायला गेले होते आणि प्रेक्षकांच्या गाड्या यायला लागल्या होत्या. काका बरणी घेऊन मागच्या दाराने निघाले. दारापाशी कंपनीचा काळा फळा होता. त्यावर रोज ज्याचं त्याचं काम आणि समोर नाव लिहिलेलं असे. दिग्दर्शन, दिवे, ध्वनी, कपडे. सगळ्यांत खाली एक ओळ असे, 'काका', आणि तिच्यासमोर कोरं. त्यांनी स्वतःचं नाव कुठेच लिहू दिलं नव्हतं, ना फळ्यावर, ना छापलेल्या कार्यक्रमपत्रिकेवर. मी चार वर्षं ती ओळ बघत होते आणि तिच्याबद्दल कधी विचार केला नव्हता. कंपनीतल्या पोरांनी मात्र केला होता. जागा भरली गेली आहे हे कळल्यावर त्यांच्यापैकी कुणीतरी त्या ओळीत, 'काका' या शब्दासमोर, माझं नाव लिहून ठेवलं होतं.

काका त्या फळ्यासमोर उभे होते. मी धावतच गेले.

"पुसते मी, काका. पोरांना कळत नाही. त्यांना वाटलं—"

त्यांचं लक्ष माझ्या ओठांकडे नव्हतं. ते ओळ वाचत होते.

"हे पद आहे असं वाटतं त्यांना," ते म्हणाले. "प्रॉम्प्टरला काका म्हणतात, असं."

मी पुसायला फडकं उचललं.

"तीस वर्षं," ते म्हणाले, "मी समजत होतो, मला पुतणे आहेत."

मग ते थोडं हसले, नटांच्या खोलीच्या दारात उभं राहून हसत तसं. बरणी खाली ठेवली, खडू उचलला आणि फळ्याजवळ वाकले. माझ्या नावात लिहिणाऱ्याने एक एच गाळला होता. तो त्यांनी दोन अक्षरांच्या मध्ये जागा करून नीट बसवला, खडू फळीवर ठेवला, हात पँटला पुसले आणि बाहेर गेले.